खिडकीला बांधलेली साडी

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. इथले भुताखेतांचे अनुभव वाचताना मीच घरी नाक मुरडते – "यांना बरी भुतं भेटतात, आम्हाला वेळेवर रिक्षा मिळत नाही." त्यामुळे माझ्याकडून असलं काही येईल असं माझ्या घरच्यांनाही वाटणार नाही. पण घडलं ते घडलं...

साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट, अमळनेरची. स्टेशनपासून चालत येण्याइतकं जवळ आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पुढे ओटा, ओट्यावर उघडणारी एक खिडकी. घरात मी, हे, सासूबाई आणि दोन वर्षांचा बंटी. मी तहसील कचेरीत टायपिस्ट होते.

धाकटा दीर मधू वर्षभरापूर्वी सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला गेला होता. गेला म्हणजे... मीच घालवला. आधी तो लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. वरात आटोपून उशिरा यायचा, कडी वाजवायचा, की झोळीतला बंटी दचकून उठायचा. मग मी पहाटेपर्यंत झोका देत बसायची आणि कचेरीत मशीनवर डुलक्या घ्यायची. एकदा डोकं फिरलं आणि मी म्हणाले, "भाऊजी, पोराची झोप मोडून येणार असाल तर येऊच नका." त्याच आठवड्यात तो सुरतेच्या गाडीत बसला. बंटी छान झोपायला लागला आणि मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

मग श्रावणात कानबाई आली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते – कानबाई ही आमची देवी; तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. सासूबाईंना मोतीबिंदू, म्हणून गहू मी घेतले. यांच्या नावाने घेतले, बंटीच्या नावाने घेतले, आणि सूप बाजूला ठेवलं. मधूचं नाव आठवलं नाही असं नाही. तो कुठे इथे आहे, असं मनात म्हटलं.

"का वं, बठ्ठासना नावनी मूठ लिधी ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो, सगळ्यांच्या," मी म्हणाले.

जागरण झालं, दुसऱ्या दिवशी बोरी नदीवर विसर्जन झालं, आणि त्या रात्री घरातले सगळे मेल्यासारखे झोपले. मला जाग आली तर बंटी अंथरुणात उठून बसलेला. रडत नव्हता. खिडकीकडे बघून हसत होता आणि हाताने बोलावत होता, "ये... ये ना." मी उठून पाहिलं. ओटा रिकामा.

तेव्हापासून रोजच. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, शेजारणीने जायफळ उगाळून द्यायला सांगितलं. काही म्हणजे काही लागू पडेना. वैतागून मी एकदा त्याच्या पाठीत धपाटाही घातला, ते अजून मला छळतं. शेवटी माझी जुनी पिवळी साडी दुहेरी करून खिडकीला बांधून टाकली. दिसणार नाही तर बोलावणार नाही, असा माझा हिशेब.

त्यानंतर त्याचं हसणं बंद झालं. साडीला दोन्ही हातांनी ओढत रडायचा. दिवसा खाईना, खेळेना. गाल बसले, अंगात कणकण राहायला लागली. आता मात्र मी घाबरले. माझं मूल डोळ्यांसमोर वाळत चाललं होतं.

अशाच एका रात्री त्याला मांडीवर थोपटताना सासूबाई म्हणाल्या, "मधूना नावनी मूठ लिधी व्हती ना?" या वेळी मला हो म्हणता आलं नाही. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तो बी या घरनाच पोऱ्या शे ना, माय."

सकाळी त्यांनी यांना सांगितलं, "सुरत जाय. धाकलाले देखी ये."

मधू सुरतेला एका खोलीत कावीळ होऊन पडला होता. नुसता हाडांचा सापळा. हे त्याला घेऊन आले. बंटीने त्याला ओळखण्याचं काही कारण नव्हतं, तो गेला तेव्हा हा झोळीत होता. पण पोर सरळ जाऊन त्याच्या खाटेवर चढलं, आणि ती रात्र गाढ झोपलं. पुढेही बंटी कधी रात्री उठून बसला नाही.

दोन दिवसांनी मी मधूला उसाचा रस देत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "कानबाईले उनथू मी, वहिनी. गाडी लेट व्हयनी. खिडकीमाईन पोऱ्या झोपेल दिसना. कडी वाजाडी तं तो उठी जाई, म्हनीसन परत गऊ."

म्हणजे तो ओट्यापर्यंत येऊन, झोपलेला बंटी पाहून, कडी न वाजवताच परत गेला होता. इथवर समजू शकते. पण तो पुढे म्हणाला, "मंग आजारी पडनू. रोज सपनमा हाई खिडकीपाशी उभा राहू. पोऱ्या हात करीसन बलावे, ये, ये. मंग तुम्ही पिवळी साडी बांधी दिधी. मंग तो दिसना नही."

साडी मी तो यायच्या आधीच सोडून ट्रंकेत टाकली होती. यांनी सांगितलं असेल म्हणावं, तर यांना घरातले पडदे जन्मात दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "कुठली साडी?"

तापात माणसाला काहीही दिसतं, योगायोग असतो, असं कचेरीतल्या मैत्रिणी म्हणाल्या. असेलही. मला तेच पटायला हवं होतं. पण त्या पिवळ्या रंगाचं उत्तर इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही.

मधू बरा झाला, सुरतेलाच संसार मांडला. आम्ही ते घर पुढे विकत घेतलं. बंटीला आता मुलगी आहे. कानबाईला पहिली मूठ मी मधूच्या नावाने घेते आणि तो न चुकता येतो. गाडी उशिराची असली की मी दार नुसतं लोटून ठेवते, त्याला फोनवर बजावतेही – भाऊजी, कडी लावलेली नाही, सरळ आत या. आणि सकाळी सडा टाकायला दार उघडते, तर हा ओट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला.

"झोप कसाले मोडानी तुमनी, वहिनी," म्हणतो.