कलशेट्टी मॅडम आणि बॅटरीची कल्हई

एप्रिल-मेमध्ये सगळं सोलापूर उन्हाच्या नावानं बोटं मोडत असायचं, तेव्हा कलशेट्टी मॅडम खुशीत असायच्या. डोक्याभोवती पदर गुंडाळून स्कूटरवरून उतरायच्या आणि प्रयोगशाळेचं दार उघडता उघडता म्हणायच्या, "लई कोरडं ऊन हाय आज. पटापटा उरकून घ्या की!" आभाळात चुकार ढग दिसला, की त्यांच्या कपाळावर आठी. आम्ही लिथियमच्या बॅटऱ्यांवर काम करत होतो आणि लिथियमचं दमट हवेशी हाडवैर. आमच्याकडे होती ती एक जुनी हवाबंद पेटी. बाकीची कोरडी हवा, मॅडमच्या मते, सोलापूरला देवानंच दिलेली होती.

मी मंगळवेढ्याची. संशोधनासाठी त्यांच्याकडे आले त्या दिवशी त्या म्हणाल्या, "ये तंगी, बस." मला वाटलं, विभागात पैशाची तंगी आहे असं सांगतायत. मग कळलं, कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मॅडम अक्कलकोटच्या. घरात कानडी, वर्गात शुद्ध मराठी आणि प्रयोगशाळेत दोन्हींची मिसळ. काहीही अडलं, की त्यांचा एकच शब्द: "नोडोण." म्हणजे, बघू या.

आमचा विषय त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात एका दमात समजावला. "पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं तर काय हुतं? कळकतं. म्हणून आपण कल्हई लावतो. बॅटरीत ही काळी भुकटी असती बघ, तिला आतलं द्रावण असंच खातं. म्हणून तिच्या कणाकणाला ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची पातळ कल्हई. भट्टीत तापवली की ती पक्की बसती." आमच्या बॅटऱ्या खरोखरच जास्त टिकत होत्या. कल्हईच्या कवचामुळे त्या टिकतात, असं आम्ही एका नियतकालिकात छापूनही बसलो होतो. माझा सगळा प्रबंध त्याच वाक्यावर उभा होता.

ते कवच डोळ्यांनी दिसण्यासारखं नव्हतं. त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेतलं चुंबकीय अनुनादाचं यंत्र हवं. त्यात प्रचंड शक्तीचा चुंबक असतो. भुकटी आत ठेवून रेडिओ लहरी सोडल्या, की ॲल्युमिनियमचे अणू उत्तर देतात, आणि त्या उत्तरावरून त्यांचे शेजारी कोण ते कळतं. कणाच्या पृष्ठभागावर बसलेल्या अणूंचं शिखर पडद्यावर एका जागी उमटतं, आत शिरलेल्यांचं दुसरीकडे.

नमुने घेऊन आम्ही पहिल्यांदा पुण्याला निघालो आणि कुर्डुवाडीच्या अलीकडे मॅडम बसल्या जागी कोसळल्या. शुद्ध हरपली होती, पण मांडीवरचा नमुन्यांचा डबा हातातून सुटला नव्हता. सोलापुरात परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, पेसमेकर बसवावा लागेल.

मॅडमनी एवढंच विचारलं, "मग चुंबकाच्या खोलीत जाता येईल का?"

"अजिबात नाही. त्या चुंबकानं पेसमेकर बिघडेल."

"मग नको."

महिनाभर त्या कुणाचंच ऐकेनात. शेवटी त्यांचे यजमान, एरवी चार शब्द न बोलणारा माणूस, प्रयोगशाळेत येऊन समोर बसले. म्हणाले, "तू हायस तर मशीन हाय. मी काय करू तुज्याबिगर?" मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाल्या, "तंगी, डॉक्टरांना फोन लाव."

पेसमेकर बसला. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी देताच आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. यंत्राच्या दाराबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी होती. तिच्यापलीकडे जाणं त्यांना आता कायमचं बंद. त्यांनी पट्टीच्या अलीकडे खुर्ची मागवली आणि ठाण मांडलं. आत बोटाच्या पेराएवढ्या नळीत आमची भुकटी गरगरा फिरू लागली, की बारीक शिट्टी ऐकू येई. मी आत यंत्राजवळ असे. मॅडम कान देऊन बसत आणि बाहेरूनच मला ओरडून सांगत, "आवाज हलतोय, वेग कमी कर!"

आमच्या सगळ्यात टिकाऊ नमुन्याचं शिखर उमटलं. पृष्ठभागाच्या जागी जवळजवळ काहीच नव्हतं. जास्त तापवल्यामुळे ॲल्युमिनियम कणाच्या आत मुरलं होतं. कवच असं काही उरलंच नव्हतं.

"काय दिसतंय?" बाहेरून आवाज आला.

"मॅडम, सगळं आत गेलंय."

त्यांनी खुर्ची पट्टीला टेकेपर्यंत पुढे ओढली. मग म्हणाल्या, "नोडोण. दुसरा नमुना लाव." दुसराही तसाच निघाला.

तिथले एक प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "बॅटरी टिकतेय ना? मग कशाला उकरून काढता? तुमच्या निवृत्तीला आता दिवस किती राहिले!"

"टिकतीय हे खरं हाय, सर," मॅडम म्हणाल्या. "का टिकतीय, ते आम्ही चुकीचं सांगितलंय."

परतताना गाडीत मी रडले. माझ्याबरोबरच्या मुली नोकरीला लागल्या होत्या, आणि माझा प्रबंध पुन्हा पहिल्या पानावर आला होता. मॅडमनी मला रडू दिलं. मग डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवली. "खा. उद्यापास्नं भट्टी कमी तापवायची. कवच राहतंय का, आणि राहिलं तर बॅटरी टिकती का, दोन्ही बघायचं. तुजी पदवी हुईस्तवर मी कुटं जात न्हाय."

आणि त्या गेल्या नाहीत. निवृत्तीचा हार गळ्यात पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळेला भट्टीसमोर हजर होत्या. पगार बंद, खोलीवरची पाटी उतरलेली. तापमान जरा जरा कमी करत आम्ही नमुने बनवत राहिलो, पुण्याला जात राहिलो. कधी कल्हई सुटायची, कधी आत मुरायची.

मग एका फेरीत शिखर पृष्ठभागाच्या जागी उभं राहिलं. नीट, एकटं. त्याच भुकटीच्या बॅटऱ्या सोलापुरात तेव्हा आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकत होत्या. मी धावत दाराशी आले. "मॅडम, बाहेर आहे! सगळं बाहेर आहे!"

"आत काहीच न्हाय? नीट बघितलंस?"

"बघितलं मॅडम. काहीच नाही."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तेच आलं. मी कागदावर आलेख काढून पिवळ्या पट्टीवरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्या शिखरावरून बोट फिरवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आता लिहायला बस," त्या म्हणाल्या. "आणि पहिलं वाक्य असं लिही, की मागच्या वेळी आमचं चुकलं होतं."

आमचा नवा शोधनिबंध त्याच वाक्यानं सुरू होतो.