'बिसीच' नको

गिरणी बंद पडली, बाबा वॉचमन झाले, आणि त्या धावपळीत माझी कॉलेज प्रवेशाची तारीख हुकली. परळच्या नाक्यावर एक टायपिस्टकाका बसायचे. इंग्रजी अर्ज टाइप केला की सहीआधी मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचे. उशिरा का होईना प्रवेश द्यावा, असा कॉलेजच्या प्रिन्सिपलसाहेबांना अर्ज करायला बाबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले.

"काका, त्यात 'बिसीच' घाला. गिरणीत आम्ही तेच लिहायचो," बाबा म्हणाले.

"मग काय मिळालं?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बिसीच म्हणजे पाया पडून विनवणं. जुन्या काळी राजापुढे करायचे. पोरीला चांगले मार्क आहेत, 'रिक्वेस्ट' पुरे."

"आणि साहेब नाही म्हणाले तर?"

"तर मी बोलतो त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकून ते खरोखर आमच्यासोबत कॉलेजात आले. मला प्रवेश मिळाला. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे.