म्हाताऱ्याच्या कॅसेटमधले तीन ठोके

आमच्या गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी दार लावून घ्यायची. भूत, भास, आत्मा – यातलं मला काही पटत नाही, आजही नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण मेलेलं माणूस परत येत नाही एवढं कळतं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. मासिकात लोक आपापले अनुभव लिहितात ते वाचते, म्हणून वाटलं आपलाही एकदा नीट लिहून काढावा…

आम्ही पंचवटीत राहतो, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. मी बाजारात फुलांचे हार विकते. आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँडवाले ड्रमच्या सेटलाच ‘जाझ’ म्हणतात. इंदिरानगरच्या एका लग्नात नवरीच्या आजोबांनी ह्यांचं वाजवणं ऐकून एक कॅसेट दिली. म्हणाले, “हे जाझ आहे, ऐका.” हे घरी येऊन हसायला लागले, “अगं, जाझ तर मीच वाजवतो, मला काय ऐकवतात!” लावली, तर आत पियानो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन… सगळंच. कितीतरी दिवस आम्हाला वाटायचं, आजोबांनी चुकून दुसरीच कॅसेट दिली.

कव्हरवर पांढऱ्या केसांचा एक म्हातारा ड्रममागे बसलेला. तो सगळा बँड त्याचाच. “बघ, मालक असून मागं बसलाय,” हे म्हणायचे. “आमचे मास्तर असते तर नवरदेवाच्या घोड्यापुढं चालले असते.”

मला आधी नुसता गोंगाट वाटायचा. हे सांगायचे, “ट्रम्पेटकडं लक्ष नको देऊ. म्हातारा कुठं हात आखडतो ते ऐक.” हळूहळू कळायला लागलं. पियानो हलका झाला की म्हातारा काठ्या ठेवून तारांचा ब्रश घ्यायचा – सुपात तांदूळ फिरवल्यासारखा आवाज. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी तो एकटाच वाजवतो आणि मध्येच थांबतो. इतका थांबतो की वाटतं कॅसेट संपली. मग सगळे एकदम येतात. तेवढा वेळ मी श्वास धरून बसायची.

“तुमच्यानं होईल का असं गप्प राहणं?” मी चिडवायची.

“मी गप्प बसलो तर वरात जागेवर थांबंल!”

२००१ साली ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी डाव्या हातात चमचा दिला. लोखंडी खाटेवर दोन ठोके म्हणजे पाणी, तीन म्हणजे ‘इथं ये’. कॅसेट चालू असली की त्याच चमच्यानं ताल धरायचे.

पुढच्या पौषातली एक सकाळ. मी कॅसेट लावून दिली, शेजारच्या कुसुमवहिनींना लक्ष ठेवायला सांगितलं आणि हार घेऊन बाजारात गेले. अकराला परत आले तर हे गेलेले होते. चमचा खाली पडला होता. वहिनी रडत म्हणाल्या, “ठोके ऐकू येत होते गं… मला वाटलं, नेहमीसारखा ताल धरलाय.”

तेव्हापासून एकच गोष्ट मला खात होती. तो ताल होता, की हे मला बोलावत होते?

तेराव्याला खाट, गादी देऊन टाकली. कॅसेटला हात लावला नाही.

चैत्रात एका दुपारी बँडचे मास्तर भेटायला आले. म्हणाले, “वहिनी, दत्तू त्या म्हाताऱ्याच्या कॅसेटबद्दल लय बोलायचा. एकदा ऐकवता का?” नाही म्हणता येईना. लावली. दोघं बसून ऐकत होतो. म्हातारा एकटा वाजवायला लागला. थांबला. आणि त्या शांततेत – टण्, टण्, टण्. लोखंडावर चमचा.

“आले हो!” माझ्या तोंडून निघून गेलं. मी उठून खाटेच्या जागेपर्यंत पोचलेसुद्धा. तिथं नुसती फरशी.

मास्तरही उठले होते. “दारावर कोण आहे बघा.” त्यांनीच दार उघडलं. गल्लीत ऊन पडलेलं, माणूस नाही.

“तुम्हाला ऐकू आलं?” मी विचारलं.

“आलं ना. तीन.”

त्यांनी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. थांबणं तसंच, ठोके नाहीत. पाच-सहा वेळा लावून पाहिली. आमचा टेप नुसता वाजवायचा होता, त्यात आवाज भरायची सोयच नव्हती.

मास्तरांपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं सांगितलं – चमचा, ती सकाळ, वहिनींनी ऐकलेलं. मग विचारलं, “मास्तर, आत्ताचे ठोके तालात होते का?”

त्यांनी कॅसेट काढून कव्हरात घातली.

“तालात होते, वहिनी. अगदी मोजून. हाक मारणाऱ्याचा हात असा पडत नाय. दत्तू वाजवत होता.”

मला ताल कळत नाही. मला तर ते ठोके घाईचे वाटले होते…

ते कुठून आले हे मला माहीत नाही, मास्तरांनाही नाही. नंतर कॅसेट किती वेळा लावली, पुन्हा कधी आले नाहीत. मास्तर अजून दर आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, येऊन जातात. तेव्हा खरं बोललात, की मला बरं वाटावं म्हणून – एवढं एक विचारायचं मी दर वेळी ठरवते. मग ते येतात, चहा घेतात, मी समोर बसून राहते, आणि ते निघून जातात.