तेल घातलेली नाकं

मी शिकलो तो माझ्या मावशीमुळे. बारावीनंतर मी कंपनीत शिफ्टला लागायचं, असं घरात ठरलं होतं. मावशी वडिलांना म्हणाली, "पेणला कालेजात घाला त्याला. जेवायचं माझ्याकडं." पदवी मिळेपर्यंत मी तिच्याच घरी जेवलो. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला.

मावशीचं गाव वडखळजवळ, खाडीच्या कडेला. तिथे ती आशाताई आहे. न्यूमोनियाची नवी लस आली तेव्हा ती दारोदार फिरली. "ही टोचली की ते जंतू पोरांच्या वाटेला जायाचे नाय," असं तिने बायकांना छातीठोक सांगितलं आणि बायका आल्या.

मी तेव्हा रोह्याच्या एका लहान प्रयोगशाळेत कामाला होतो. या जंतूचे खूप प्रकार असतात आणि बहुतेक वेळा ते मुलांच्या नाकात गुपचूप राहतात. लस त्यांतल्या काही जास्त घातक प्रकारांवर चालते. लस आल्यावर ते मागे हटतात का आणि त्यांच्या जागी कोण येतं, हे आम्हाला बघायचं होतं. त्यासाठी मुलांच्या नाकातले नमुने घ्यायचे होते. मावशीचं गाव मीच सुचवलं.

पहिल्या दिवशी अंगणवाडीत मुलं नटूनथटून आली. काजळ, पावडर आणि वेखंडाचा वास. पाहुण्यांपुढे शेंबडं पोर न्यायचं नाही म्हणून आयांनी नाकं स्वच्छ करून त्यांत वेखंडाचं कोमट तेल सोडलं होतं. तेलामुळे नमुने बिघडतील, असं मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आलोच आहोत तर घेऊ, बघू काय मिळतं." काहीच मिळालं नाही. गावात मात्र बातमी पसरली की लसीने नाकं साफ केली. मावशी खूश झाली.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नाकं पुसायची नाहीत, असा निरोप दिला होता. एक बाई दारातच अडली.

"आता काय शेंबूड दाखवायला आनू व्हय, मावशे?"

"आन गो," मावशी म्हणाली. "एवढा शिकला माझा भाचा, तो शेंबूड न्यायलाच."

सगळ्या हसल्या. पण या नमुन्यांत जंतू निघाले, मावशीच्या नातीच्या नाकातही. एका आईने फोन करून विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. आधी नव्हते, आता आहेत, म्हणजे लस उतरली, असा हिशेब गावाने केला.

पुढच्या लसीकरणानंतर मावशीचा फोन आला. "बाला, नवव्या महिन्याच्या डोसाला कोन नाय आलं. माझ्या सुनेनं पन पोरीला घरी ठेवली. म्हनते, तुम्ही सांगितलंत जंतू येनार नाय, मग हा कोन आलाय?"

कोणता प्रकार आहे, ते अजून तपासायचं होतं. लस ज्यांच्यावर चालते त्यांतलाच तो निघाला असता तर गावापुढे मावशीने काय सांगायचं, याच विचारात मी काम करत होतो.

निकाल आला तेव्हा मॅडमनी मला बोलावून घेतलं. लसीतले प्रकार जवळजवळ सापडलेच नव्हते. होते ते दुसरे. मी बाहेर पडलो, कुंडलिका नदीच्या पुलापाशी चहा प्यायलो आणि लगेच दुसरा मागवला. मग मावशीला फोन लावून निकाल थोडक्यात सांगितला.

"नुसतं फोनवर नको," ती म्हणाली. "लिहून पाठव. मी सांगितलं तर म्हनतील, भाच्याची बाजू घेते. तुझं पत्र वाचून दाखवते सगळ्यांना."

मागून वहिनीचा, म्हणजे मावशीच्या सुनेचा, आवाज आला, "डोस देऊ, पन पोरीला धरायला त्यालाच बोलवा. मला नाय बघवत टोचताना."

मी लिहिलं ते असं:

ती. मावशीस,

सा. न.

तुझ्या नातीच्या नाकात जंतू मिळाला हे खरं आहे, पण लस ज्यांच्यावर चालते त्यांतला तो नाही. पहिल्या वेळी नाकं रिकामी निघाली ती तेलामुळे, लसीमुळे नव्हे. लहान मुलांच्या नाकात काही ना काही राहतंच. खाजणातलं एक गवत गेलं की तिथे दुसरं उगवतं, तसं हे. जास्त घातक होते ते मागे हटले आहेत. ज्यांच्या वेळी लस नव्हती त्या थोरल्या मुलांच्या नाकातूनही ते जवळजवळ गेलेत, कारण धाकट्यांकडून त्यांना मिळायचे ते आता मिळत नाहीत. नवे आलेत ते सध्या तेवढे त्रासाचे दिसत नाहीत. पुढेही तसेच राहतील, असं मात्र मी लिहून देऊ शकत नाही. म्हणून आम्ही पुन्हा येणार.

तेव्हा "जंतू येणारच नाही" असं आता कुणाला सांगू नकोस. "मोठ्या आजाराची भीती पुष्कळ कमी होते" असं सांग. हा शब्द तुला मागे घ्यावा लागणार नाही.

पुढच्या लसीकरणाला मी येतो. वहिनीला सांग, पोरीला मी धरीन. आणि नमुने घ्यायला येऊ त्या दिवशी नाकात तेल नको.

जेवायला थांबेन.

तुझा भाचा