रणांगणातले मामाजी

आता काय सांगू तुम्हाले, माणसानं एकवेळ खऱ्या लढाईत जावं, पण सासऱ्याच्या पथकात जाऊ नये! चहा घ्या आधी, मंग हसा. माझी फजिती आयकून लोकाइच्या हातातला कप सुटते.

माझं शेगावले मोबाईल रिपेरिंगचं दुकान. सासुरवाडी वरवट बकाल. अन् सासरे, म्हणजे आमचे मामाजी, तिथल्या मर्दानी खेळाच्या पथकाचे उस्ताद. अंगरखा, पगडी, ढाल-तलवार घेऊन जुन्या काळच्या लढाया करून दाखवतात हे लोक. दिवसभर वावरात वांगे-मिरच्या तोडायच्या, अन् संध्याकाळी शाळेच्या मैदानात गनिमाची फौज कापायची!

औंदा माझा साळा गजू मोटारसायकलवरून पडला. हात प्लास्टरमधी. मामाजीचा फोन आला, "जवाईबुवा, गावच्या कार्यक्रमात गजूच्या जागी तुम्ही या."

मी तं उडालोच! काऊन, सांगू? त्या पथकात पितळी मुठीची एक तलवार आहे. जो मावळा गनिमाच्या सरदाराले झोकात पाडते, त्याले पुढच्या कार्यक्रमात ती तलवार भेटते. पुढचा कार्यक्रम होता जळगाव जामोदले. अन् लग्नाले इतके वर्षं झाले, तरी सासुरवाडीत माझी ओळख काय? 'ते स्क्रीनगार्ड लावून देतात, ते!' मले ती तलवार पाह्यजेच होती. आमच्या बायकोनं, रेखानं, आख्ख्या गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

भानगड एकच. गनिमाचा सरदार कोण? खुद्द मामाजी!

तालमीत माझा हात उठेच ना. वार करायच्या आधी मी इचारो, "मामाजी, लागणार तं नाही?"

"जवाईबुवा, रणात कोणी मामाजी नसते! लाथ घाला छातीत!"

"घालू?"

"घाला म्हणलं नं!"

बाजूचे मावळे दात काढून राह्यले. "अबे मार... म्हणजे, मारा नं जवाईबुवा!"

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसासमोर मी कधी पाय पसरून बसलो नाही, त्याच्या छातीत लाथ घालू? शेवटी रेखानं तोड काढली. म्हणे, "चेहऱ्याकडे पाहूच नका. दुकानाचा घरमालक समजा." हे बरोबर जमलं! त्या घरमालकाले मी असा तुडवला, की मामाजीनं उठून माझी पाठ थोपटली.

गावच्या कार्यक्रमाच्या दिवशी शाळेचं मैदान गच्च. सासूबाई पहिल्या रांगेत. ताशा कडाडला अन् मी ओरडलो, "अबे ए गनिमा, ये समोर!" बायामधी खसखस पिकली, पण मी थांबतो का? सपासप वार केले. ढाल उडाली. अन् घातली लाथ! मामाजी धाडकन उताणे. शिट्ट्याच शिट्ट्या! म्हणलं, झालं, तलवार आपली!

अन् तिथंच घात झाला. पाय लागला नं वडीलधाऱ्या माणसाले! माझ्या डोक्याले न इचारताच कंबर वाकली. हातातली तलवार बगलेत मारली, मेलेल्या गनिमाच्या दोन्ही पायाले हात लावला अन् कपाळाले लावला.

तेवढ्यावर भागलं असतं हो. पण गनिमालेही सवय! डोळे मिटलेल्या मुडद्यानं हात वर केला अन् म्हणे, "सुखी राहा."

त्यात पथकाचा नियम असा, की पुढचा मावळा जे करते, तेच मागच्यानं करायचं. त्याइले वाटलं, उस्तादनं ऐनवेळी काही नवीन टाकलं. झालं! लागली लाईन. एकेक मावळा येते, वाकते, पाया पडते, अन् मुडदा पडल्या पडल्या आशीर्वाद देऊन राह्यला! मंग गनिमाचे शिपाई बावचळले. म्हणे, दुश्मन पाया पडून राह्यले, आपला तं सरदार आहे बापा! तेही लागले लाईनीत. लोकं पोट धरू धरू हसले.

माईकवरचे गुरुजी लय हुशार. "पाहा मायबापहो! आपले पूर्वज पडलेल्या शत्रूचाही असा मान राखत!" मंग टाळ्याही पडल्या. पण मले त्या टाळ्या गालावर बसून राह्यल्यासारख्या वाटल्या.

घरी येऊन मामाजीनं पगडी खुंटीले टांगली अन् थेट ताटावर बसले. मी मान खाली घालून जेवाले बसलो. तेवढ्यात जळगाव जामोदच्या मंडळाचा फोन. कोणीतरी त्याइले व्हिडिओ धाडला होता. मामाजीचे हात खरकटे, म्हणून रेखानं स्पीकरवर टाकला.

"उस्ताद, बाकी काही आणा नका आणू, तो पाया पडायचा सीन पाह्यजेच! अन् जवाई तेच पाह्यजे!"

माझी छाती अशी फुगली, की अंगरख्याचे बंद तटतटले. रेखाकडे पाह्यलं, मिशीवर हात फिरवला अन् म्हणलं, "मंग मामाजी, ती पितळी मुठीची तलवार आताच घेऊन जाऊ का शेगावले?"

मामाजीनं भाकर मोडली, पिठल्यात बुडवली अन् शांतपणे म्हणले, "जवाईबुवा, पाया पडाले तलवार कायले पाह्यजे?"