नव्या पिंपांना खुंट्या

आमच्या इटलीतल्या मोदेना गावात मुलगी जन्मली की बाप माळ्यावर लाकडी पिंपं मांडतो. उकळलेल्या द्राक्षरसाची आधी दारू होते, मग पिंपाच्या भोकातून हवा लागली की दारू आंबून तिचं व्हिनेगर होतं. लग्नात ती पिंपं मुलीबरोबर सासरी जातात.

शेजारच्या एर्सीलियाची गेली नाहीत. तिचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, त्या गुइडोला दूर तोरिनो शहरात नोकरी लागली. तिथलं घर चौथ्या मजल्यावर, माळा नाही. बाप म्हणाला, "मग पिंपं कोण बघणार? दर हिवाळ्यात भर घातली नाही तर सुकतील." ती थांबली. गुइडोने दुसरीशी लग्न केलं. बाप गेला, तिचे केस पिकले, पिंपं मात्र ठणठणीत!

परवा तिच्या भावाला, ओरेस्तेला, नात झाली. त्याने लगेच नवी पिंपं आणून त्यांत ताजी दारू भरली. "ताई, तू आहेसच की बघायला!" म्हणाला मेला.

संध्याकाळी ठोकाठोकी ऐकून मी त्यांच्या माळ्यावर गेले. एर्सीलिया नव्या पिंपांच्या भोकांत खुंट्या ठोकत होती.

"अगं, हवा नाही लागली तर व्हिनेगर कसं होणार?"

"नाहीच होणार," ती म्हणाली. "दारूच राहील. पिऊन टाकतील, आणि पोरगी सुटेल."