आधी मागच्या सालचं संपवा

उद्या पुण्यातली सगळी दुकानं बंद पडली आणि भाजीची एक गाडीसुद्धा शहरात आली नाही, तरी आमच्या थोरल्या जाऊबाई पुढच्या दोन दिवाळ्या आरामात काढतील. सगळ्या वारज्यात एवढं धान्य, एवढी लोणची आणि एवढे पापड दुसऱ्या कुठल्या घरात असतील असं मला वाटत नाही. थोरले दीर गेल्यापासून घरात जाऊबाई, माझे यजमान आणि मी असे तिघंच आहोत. जाऊबाईंना मूलबाळ नाही, आणि माझी एकुलती लेक पिंकी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला गेली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर तिघांना भरपूर झालं, असं लोक म्हणतात. पण बाहेरच्या खोलीत आम्ही नवराबायको झोपतो, जाऊबाई स्वयंपाकघरात अंथरूण टाकतात आणि आतली, खिडकीची, वाऱ्याची खोली तूरडाळीची आहे.

तूरडाळ म्हणजे एकटी नाही. एरंडेल चोळलेल्या डाळीच्या कोठ्या, बिब्बे घातलेले गहू, मीठ लावलेल्या चिंचेचे गोळे, कुरडया, सांडगे आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बरण्या थेट छतापर्यंत. जाऊबाई एकदा फळं टिकवायच्या वर्गाला जाऊन आल्या, तेव्हापासून सरबतं आणि मुरांबे आले, झाकणं सील करायचं मेण आलं आणि त्यांना रिकाम्या बाटल्यांचा नाद लागला. काचेची बाटली दिसली की त्यांची नजरच बदलते. शनिवार पेठेत आमचे एक नातेवाईक आजारी होते, त्यांना बघायला आम्ही गेलो. जाऊबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, चौकशी केली, आणि उठताना उशाशी ठेवलेल्या ताकदीच्या पावडरीच्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, "व्हाल हो लवकर बरे. पण तेवढी बाटली टाकू नका." मी लाजेनं जिन्यात जाऊन उभी राहिले.

एवढं असून आमच्या घरात ताजं काही खायला मिळत नाही. कारण जाऊबाईंचा नियम आहे, आधी मागच्या सालचं संपवा. मागच्या सालचं संपेपर्यंत यंदाचं मागच्या सालचं होतं. मे महिन्यात सगळ्या सोसायटीत नव्या लोणच्याचा वास सुटतो आणि आमच्या ताटात गेल्या मेमधली फोड असते. यजमान एकदा म्हणाले, "वहिनी, ताटाकडे बघितलं की मला वाटतं अजून मागचंच वर्ष चालू आहे."

"मागच्या वर्षी जेवलात ना भाऊजी? मग जेवा."

लॉकडाऊन लागलं तेव्हा मला वाटलं, आता तरी कोठ्या उघडतील. पण जाऊबाईंनी यजमानांच्या हातात पिशवी दिली आणि दुकानाच्या रांगेत पाठवलं. ते म्हणाले, "अहो वहिनी, हे सगळं अडचणीसाठी ठेवलंय ना? मग ही अडचण नाही?"

"आहे की. पण याहून मोठी आली तर?"

ते मास्क लावून रांगेत जाऊन उभे राहिले.

कुणासाठी एवढं, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "कुणी आलं तर." पण कुणी येत नाही. आलं तर चहा पिऊन जातं. मी मात्र दर उन्हाळ्यात कुरडयांचं पातेलं गच्चीवर चढवते, कारण चीक सांडतो म्हणून लिफ्टमध्ये नेऊ देत नाहीत. दुपारभर कबुतरं हाकलते. दर महिन्याला सगळे डबे उतरवायचे, पुसायचे, पुन्हा चढवायचे. माझी कंबर गेली, खांदा गेला. खरं सांगते, मी या डब्यांना कंटाळले आहे. पण जाऊबाईंसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यापुढे मानच हलवत आले.

यंदा पिंकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात तिचा फोन आला, "आई, मी झोपू कुठे? कोठीवर? सासूबाई म्हणतात, जागा नसेल तर इथेच राहा." मी यजमानांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मला या घरात दोन वेळा जेवायचं असतं."

डबे पुसायचा दिवस होता. मी खालून डबा देत होते, जाऊबाई स्टुलावर उभ्या होत्या.

"जाऊबाई, पिंकीला इथे यायचंय."

"येऊ दे की. मी कुठे नाही म्हटलं?"

"खोली लागेल."

"मग डाळ कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

हातातला डबा मी खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. "कुणी आलं तर, म्हणून ठेवलंय ना सगळं? आता कुणीतरी येतंय, तर त्याला पाठ टेकायला जागा नाही."

जाऊबाईंनी हातातला डबा पुसून जागेवर ठेवला. मग फडकं खांद्यावर टाकून उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. परातभर कुरडया. मग जिन्यात प्रत्येक दारी डाळ, गहू, चिंच पोचती होऊ लागली. शेजारणी घाबरल्या, जाऊबाईंना काही झालं तर नाही ना, म्हणून मला हळूच विचारू लागल्या. आम्ही सकाळ-संध्याकाळ मुरांबा खाल्ला. यजमान तोंड पुसत म्हणाले, "आली म्हणायची अडचण?"

"आली."

"आणि वहिनी, याहून मोठी आली तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. कुरडई घ्या."

पिंकी आली. खिडकीखाली तिची खाट टाकली. तिला नवं लोणचं खावंसं वाटलं, तर जाऊबाईंनी यंदाच्या बरणीचं फडकं सोडलं. एक फोड माझ्याही हातावर ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, छान झालंय. पण फोड अजून मुरली नव्हती, मसाला नुसता वरवर लागला होता. मागच्या सालचंच बरं लागायचं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता दुपारी जाऊबाईंना काम नसतं. पिंकीच्या खाटेशी बसतात, मोकळ्या भिंतीकडे बघतात. फडकं अजून खांद्यावरच असतं. काल पिंकीची मधाची बाटली संपली. मी ती टाकायला निघाले होते. दारापर्यंत गेले, मागे फिरले, गरम पाण्यानं धुतली आणि गॅलरीत उन्हात उपडी ठेवली.